फिक्की चटणी

मसाला तयार होण्याआधी त्याची लेबलं तयार झाली, यातच आमच्या घराण्याचं सगळं आलं.

साताऱ्यात मी ज्या छापखान्यात डिझाइनचं काम करते, तिथंच ती छापली. मालकांनी विचारलं, "सोनम, शंभर का पाचशे?" मी म्हटलं, हजार. आमच्या घरात कमी बोलणारं एकच माणूस आहे, ती म्हणजे आई, आणि मी तिच्यावर गेलेले नाही. लेबलावर आप्पांचा तेजपूरच्या ऑफिसर मेसमधला फोटो होता, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीखाली दोन्ही बाजूंना पुरेशी मिशी. खाली मोठ्या अक्षरांत 'बिराप्पाचा फौजी मसाला', आणि त्याखाली इंग्रजीत, बारीक अक्षरांत, 'पोर्क चॉप्ससाठी खास'. बारीक इंग्रजी घरात कोणी वाचणार नाही असा माझा हिशोब होता. माझे हिशोब असेच असतात.

आप्पांना फौजेतून येऊन दोन वर्षं झाली होती. चोवीस वर्षं त्यांनी साहेब लोकांना रांधून घातलं, आणि घरी आल्यावर आईनं त्यांना तव्याला हात लावू दिला नाही. "चूल माजी हाय," एवढंच ती म्हणाली. मग आप्पा दिवसभर टीव्हीवरचे रांधायचे कार्यक्रम बघत आणि आतल्या बायकांवर ओरडत, "अगं, तेल तापू दे की! मेस असती तर हाकलली असती!" दोन वर्षांत त्यांचं पोट वाढलं, आवाज वाढला आणि माणूस मात्र आत आत कमी होत गेला. मला ते बघवत नव्हतं.

फेब्रुवारीत कर्नल धैर्यशील साहेबांचा फोन आला. तेही निवृत्त होऊन पाचगणीला राहायला आले होते आणि सहा खोल्यांचं पाहुण्यांसाठीचं घर उघडणार होते. आप्पांनी तो फोन उभं राहून, छाती काढून घेतला. समोर फक्त टीव्ही होता.

"बिराप्पा, वो चॉप्स याद हैं?"

"जी साब."

"शनिवार-रविवार इथं येऊन करशील? पण मसाला तोच पाहिजे हां. वही वाला."

"वही वाला, साब."

त्या दिवशी आप्पांनी मिशीला कात्री लावली. मला म्हणाले, "मसाला माजा हाय. सगळा डोक्यात हाय हितं." मी त्यांच्या डोक्यावर विश्वास ठेवला आणि लेबलं छापायला टाकली.

पुढचं आप्पांनी सगळं उघडं पडल्यावर सांगितलं. गावाजवळच्या वडूजला सामान घेतलं असतं तर तासाभरात आईच्या कानावर गेलं असतं, म्हणून ते सरळ सांगलीला गेले. तिथले भरतेश शेट आम्हाला दर वर्षी ब्याडगी मिरची देतात. जुनी ओळख.

"हवालदार, आज एकटंच?" भरतेश शेट म्हणाले. "आन् धनं, बडीशेप, मिरी... चटणीचं सामान तर वैनी गेल्या आठवड्यात फोनवरनं सांगून मागवल्या की."

"ह्ये येगळं हाय. चॉपला पायजे."

"सोया चाप व्हय!" शेटचा चेहरा खुलला. "आमच्या लेकीला, ब्राह्मीला, लय आवडतंय बगा. मग कांदा-लसूण अजिबात नगं. थांबा, मी लिवूनच देतो तुमास्नी."

एका जैन माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गादीवर बसून, तो चाप नव्हे आणि त्यात सोया नव्हे हे सांगायचा धीर आप्पांना झाला नाही. सीमेवर बारा वर्षं काढलेला माणूस मान हलवत कागद घडी करून खिशात घालून परत आला. आमचा पहिला पोर्क मसाला हा असा जैन पद्धतीचा झाला.

तो त्यांनी माझ्या थोरल्या भावाच्या, तानाजीदादाच्या, मेंढरांच्या शेडमध्ये, शेगडीवर भाजला. दोन दिवस मेंढरं शिंकत होती. दादानं त्यांना सर्दीचं औषध पाजलं. मसाला एसटीनं पाचगणीला गेला आणि साहेबांचा फोन आला, "बिराप्पा, चांगला आहे. पण हा तो नाही." दुसऱ्या वेळी लसूण घातला. "हा गरम मसाला झाला रे." तिसऱ्या वेळी आप्पांनी आईच्या बरणीतली घरची चटणीच थोडी पळवून पाठवली. साहेब तासभर पाणी पीत होते म्हणे. "मारना है क्या?" त्यांनी विचारलं.

आणि घर उघडायला आठ दिवस उरले होते.

त्यातच आमचा चटणीचा दिवस आला. आमच्याकडं चटणी म्हणजे वाटीतली ओली नव्हे. वर्षभराची लाल कोरडी चटणी, जिला बाहेरची माणसं मसाला म्हणतात. मार्चमध्ये मिरच्या तीन दिवस गच्चीवर कडकडीत वाळतात, मग अंगणात देठं खुडायची, सगळं भाजायचं, आणि संध्याकाळच्या आत कांडपाला न्यायचं. त्यासाठी कडेगावहून मनुआत्ती येते. आप्पांची थोरली बहीण. उसाच्या गावात दिली असली तरी तिच्या बोलण्यात गोडवा उतरलेला नाही.

अंगणात पोत्यांवर मिरच्यांचा ढीग, त्याच्या एका बाजूला आत्ती आणि मी, दुसऱ्या बाजूला चूल मांडून आई. आप्पा टीव्ही बंद करून दारात बसले होते आणि आईच्या कढईकडं टक लावून बघत होते. मला वाटलं, त्यांना रांधायची हुक्की आली असेल. ते खरं तर कढईत काय काय पडतंय ते मोजत होते.

"सोनम, तुजी पिशवी पायात येतीया," असं म्हणत तानाजीदादानं माझी पिशवी उचलली, ती तळातून फाटली आणि हजार आप्पा अंगणात सांडले.

दादानं एक लेबल उचललं. तो बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा इरेला पेटून पास झाला. तेव्हापासून इंग्रजी दिसलं की तो वाचल्याशिवाय सोडत नाही. "पी... ओ... पोर्क," तो म्हणाला.

"पोर्क म्हंजी?" आत्तीनं विचारलं.

"विलायती हाय कायतरी," मी म्हटलं.

"डुक्कर," दादा म्हणाला. "आत्ती, डुक्कर हाय डुक्कर!"

आत्तीचा देठ खुडायचा हात थांबला. आमच्या घराण्यात चार पिढ्या मेंढरं राखली, मटणावर वाढलो, पण डुक्कर हा शब्दसुद्धा देवाच्या खोलीकडं तोंड करून कोणी काढत नाही. "बिराप्पा," आत्ती म्हणाली, "बिरोबाचं नाव ठिवलं रं तुजं. आईनं नवस करून ठिवलं. आन् तू डुकराच्या चटणीवर मिशा छापल्या?"

"आक्का, चटणीत डुक्कर नसतंय," आप्पा म्हणाले. "चटणी डुकरावर असती."

हे ऐकून कोणाचंच समाधान झालं नाही.

"म्हणून मेंढरं शिंकत हुती!" दादाला आता सगळं कळलं. "आप्पा, तुमी माझ्या शेडात डुकराचा मसाला भाजला? मी त्यास्नी औषीद पाजत बसलो हुतो!"

मी मध्ये पडले आणि कर्नल साहेबांचं सगळं सांगून टाकलं. पाचगणी, सहा खोल्या, शनिवार-रविवार, 'वही वाला'. मला वाटलं, नीट समजावून सांगितलं की माणसं समजून घेतात. दादा समजून घेणाऱ्यातला नव्हताच. पण त्याच्या डोळ्यात लगेच वेगळीच चमक आली.

"चॉप मेंढराचं बी असतंय की," तो म्हणाला. "साहेबास्नी सांगा, डुक्कर कशाला, आमचीच मेंढरं हायती. मी आठवड्याला दोन देतो. घरचा माल, घरचा मसाला, देव बी खूश."

"साहेबास्नी डुकराचंच पायजे."

"मग साहेबाचंच चुकतंय."

"तानाजी, साहेबाचं चुकत नसतंय," आप्पा कडक आवाजात म्हणाले. चोवीस वर्षांत त्यांनी एवढं एकच तत्त्व पाळलं आहे.

आत्ती इतका वेळ लेबल हातात धरून बसली होती. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. तिला डुकराचा राग आला होता हे खरं. पण मला ती नंतर म्हणाली की तिला आत येताना दर वेळी दिसायचा तो टीव्हीपुढचा भाऊ, आणि तिच्या मनात यायचं की फौजेनं माणूस परत पाठवला पण अर्धाच पाठवला. या लेबलावरचा भाऊ सगळा होता.

"ह्यो फोटू कवाचा?" तिनं विचारलं.

"तेजपूरचा. दोन हजार अकरा."

"बरा दिसतूस. मला चार-पाच दे ह्यातली, भावकीत दावते." आणि तिनं पुन्हा मिरची हातात घेतली. "तान्या, गप बस आता. मिरचीला काय ठावं रं, ती कशावर पडतीया? शेतात कुटली मिरची विचारती का, मला कोन खानार हाय म्हणून?"

दादा एकटा पडला. त्यानं वळून आईकडं बघितलं, मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

आई धने भाजत होती. एवढ्या गोंधळात तिच्या कढईतला एक धना करपला नव्हता. तिनं मान वर केली नाही. "समदं खरं," ती म्हणाली, "पन मसाला हाय कुटं? तीनदा चुकला म्हंता. मग साहेबानं आदी खाल्ला त्यो कुनाचा हुता?"

मी आप्पांकडं बघितलं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. त्यांचा. डोक्यातला.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यो... तू डबा द्याचीस बग. सुट्टी सपली की."

"फौजी डबा?"

"व्हय."

आईनं कढई चुलीवरून उतरवली.

फौजी डबा मला चांगला आठवतो. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा होता. दर सुट्टीच्या शेवटी आई तो भरायची, पहिली मूठ देवापुढं ठेवायची, मग फडकं बांधून ट्रंकेत सगळ्यात खाली, कपड्यांच्या मधे. त्याची चटणी ती घरच्या चटणीपासून वेगळी, एकटी बसून करायची. आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. मी एकदा चोरून बोट घातलं होतं. फिक्की आणि गोडसर लागली होती. मला वाटलं, फौजेत असंच खात असतील.

"त्यो डबा तुमी डुकराला लावला," आई म्हणाली. ती विचारत नव्हती.

"साहेबांच्या. मी न्हाई खाल्लं. म्हंजी चाखावं लागतंय. कुक हाय मी."

"किती सालं?"

"दोन हजार चारपासनं."

"समदा डबा?"

आप्पांनी मान डोलावली.

"भाकरीसंगं एकदा बी न्हाई?"

"तितं भाकरी कुटली, चपाती असायची," आप्पा म्हणाले. दादा खुदकन हसला आणि आत्तीनं त्याला मिरचीचं देठ फेकून मारलं.

"का पन?" आईनं विचारलं.

माझा बाप हा खोटं बोलण्यात तसा तरबेज माणूस. पण नेमका नको त्या वेळी तो खरं बोलतो. "फिक्की लागायची गं," ते म्हणाले. "वर गोड. भाकरीसंगं... जमायची न्हाई. तुला सांगितलं तर वाईट वाटंल, फेकवत बी न्हवती. मग एक दिस चॉपला चोळून बगितली. साहेब लोक येडं झालं."

आम्ही सगळे बिरोबाच्या कोपाची वाट बघत होतो. आत्ती तर पदर डोक्यावरून घेऊन तयारच बसली होती.

"डुकराचं ऱ्हाऊ द्या बाजूला," आई म्हणाली. "माजी चटणी फिक्की?"

आप्पा पायाशी पडलेली लेबलं गोळा करू लागले.

"तुमीच लिवलं हुतं. कावीळ झालीया, हास्पिटलात हाय, डाक्टरनं तिखट बंद केलंय, तोंड कडू पडलंय. मनुवन्सं, तुमीच वाचून दावलं हुतं मला त्ये पत्र."

"वाचलं हुतं," आत्ती म्हणाली. "तू लय रडली हुतीस."

"म्हणून मी लवंगी मिरची काढून टाकली. नुसती ब्याडगी घातली, रंगापुरती. थंडीत छाती भरू नये म्हणून सुंट घातली, मिरी घातली. तोंड कडू म्हणून लसूण गुळात घोळला, दोन दिस उनात वाळवला, मग भाजला. हात चिकटून जायचं माजं."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गुळात घोळलेला लसूण! वीस वर्षं साहेबांच्या चॉपच्या चरबीवर जे तांबूस चमकदार उतरायचं आणि ज्याला ते आपल्या हाताची करामत म्हणायचे, ते हे होतं.

"त्ये सहा म्हयन्यांसाठी हुतं गं," आप्पा हळू म्हणाले. "डाक्टर म्हनला, सहा म्हयनं पथ्य पाळा. मी बरा झालो."

"मग सहा म्हयन्यांनी लिवायचं न्हाई?"

"ऱ्हाऊन गेलं."

"वीस वर्सं?"

"सुट्टीत तर हिरव्या मिरच्या कडाकडा चावायचास की रं!" आत्ती म्हणाली. "तवा तरी कळू नये का गं रंगू?"

"मला वाटायचं, घरी आल्यावर जिभंला आवर न्हाई. चार दिस खाऊ दे, तिकडं गेल्यावर पाळत्याल." आईचा आवाज पहिल्यांदा हलला. "ह्यांच्या लिवरसाटी मी दर आइतवारी उपास धरला. अजून धरती."

आणि इथं माझ्या बापानं दिवसातलं दुसरं खरं वाक्य उच्चारलं. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"आइतवारीच असायचं त्ये चॉप," ते म्हणाले.

आई उठली, पदरानं हात पुसले आणि आत निघून गेली.

चटणीच्या दिवशी आई चुलीवरून उठली, असं कधी घडलं नव्हतं. खोबरं भाजायचं होतं, तीळ भाजायचे होते, कांदा तळायचा होता आणि कांडपवाल्याकडं आमचा नंबर दुपारी चारचा होता. आम्ही चौघं एकमेकांकडं बघत बसलो. यातल्या एकालाही आईसारखी घरची चटणी करता येत नव्हती, आणि त्यातला एक चोवीस वर्षं स्वयंपाकी होता.

आधी दादा आत गेला. आपण आईच्या बाजूचे आहोत, डुक्कर आपल्यालाही मान्य नाही, असं तो म्हणाला. आई म्हणाली, "तुला डुकराचं पडलंय. जा." मग आत्ती गेली आणि भावाची बाजू मांडू लागली, तर आई म्हणाली, "वन्सं, तुमी त्यो फोटू भावकीत दावा." मग मी गेले. मी म्हटलं, आई, माझी हजार लेबलं... पुढचं मला बोलू दिलं नाही. आम्ही तिघंही बाहेर येऊन एका बाजूला बसलो, आणि मेंढरं-डुक्कर-देव ही भांडणं आपोआप मिटली. आता एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे अडाणी.

शेवटी आप्पा गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सावधान उभे राहिले. आम्ही खिडकीखाली सरकलो. दादा सगळ्यात पुढं होता.

आईला राग होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं, हे तिनं मला पुढं कधीतरी लसूण सोलताना सांगितलं. वीस वर्षं तिनं तो डबा भरला आणि तो कसा झाला हे तिला एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. आप्पा "चांगला हुता" एवढंच लिहायचे. ज्यांनी तो खाल्ला त्यांना काय वाटलं, हे तिला ऐकायचं होतं. डुकरावर तर डुकरावर.

"काय म्हनायचं साहेब लोक?" तिनं विचारलं.

आप्पा सांगू लागले. एका मेजर साहेबांच्या बाईनं बोटं चाटली होती. ब्रिगेडियर साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि ते कधी मागत नसत. एक केरळचे डॉक्टर साहेब बदली होताना कागदाच्या पुडीत थोडी बांधून घेऊन गेले.

"आनि?"

"आनि धैर्यशील साहेब. डबा सपत आला की विचारायचं, बिराप्पा, छुट्टी कब जा रहे हो? बाकीच्या पोरांच्या सुट्ट्या अडायच्या. माजी कवा अडली न्हाई. सोनम झाली तवा आलो, आई गेली तवा आलो. दर साली आलो. मला वाटायचं, माज्या हाताला चव हाय म्हनून सोडत्यात." आप्पा थांबले. "तुज्या डब्यानं मला घरी आनलं गं दर साली. मी मिशीला पीळ देत बसलो."

खिडकीखाली आत्तीनं डोळ्याला पदर लावला आणि मिरचीचा हात डोळ्यात गेल्यामुळं ती आणखीच रडली.

"आन् कुनी केलीया म्हनून विचारलं आसंल की त्यास्नी," आई म्हणाली.

"विचारलं."

"मग?"

"मीच म्हनलो. मीच केलीया."

"सोनम!" आईनं हाक मारली. आम्ही खिडकीखाली आहोत हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. "साहेबास्नी फोन लाव."

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आई साहेबांशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, पण तिनं सुरुवातीला नमस्कारसुद्धा घातला नाही.

"साहेब, मी हवालदाराच्या घरातनं बोलतीया, रंगुबाई. ती चटणी माजी हाय. ह्यांची न्हाई."

पलीकडं साहेब मोठ्यानं हसले. "तरीच! वहिनी, बिराप्पा सुट्टीवरून आला की महिनाभर चॉप्स भारी व्हायचे, आणि मग हळूहळू बिघडत जायचे. मला वाटायचं, घरची आठवण येत असेल त्याला."

"एक इचारायचं हुतं."

"विचारा की."

"तुमास्नी फिक्की न्हाई लागली?"

"फिक्की? नाही हो. अजिबात नाही. नेमकी होती."

"बरं," आई म्हणाली. "मग करती. शुक्रवारी पाटवती." आणि फोन कसा बंद करायचा हे ठाऊक नसल्यानं तिनं तो तसाच माझ्या हातात दिला आणि अंगणात येऊन खोबऱ्याची कढई चढवली.

दोन दिवस आमच्या गच्चीवर गुळात घोळलेला लसूण वाळत होता. आप्पांना मुंग्या हाकलायचं काम मिळालं. ते त्यांनी चोख केलं. आईनं त्यांना जवळ बसवून सगळं दाखवलं, मापं मात्र मुठीची, आणि मूठ तिची. मी वजनकाटा घेऊन मागं मागं फिरत होते. तिनं एकदा काट्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो काटा रांधनार हाय का?" मी तो ठेवून दिला.

लेबलांचं काय करायचं, हा प्रश्न आईपुढं गेला. तिनं ते उलटसुलट बघितलं. "फोटू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मिशा बऱ्या दिसत्यात. नाव खोड." मग मी काळं पेन घेऊन 'बिराप्पाचा फौजी मसाला' हे खोडत आणि त्यावर 'रंगुबाईची फिक्की' असं लिहीत बसले. हजार वेळा. शंभरच छापली असती तर शंभर वेळा लिहावं लागलं असतं, हे मला सातशेच्या आसपास सुचलं.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. पाचगणीचे डबे दारात बांधून ठेवले होते, आप्पांची बॅग त्यांच्याजवळ होती आणि बॅगेत धुऊन इस्त्री केलेली पांढरी टोपी. उरलेल्या फिक्कीची एक वाटी फळीवर होती. आईनं आप्पांच्या ताटात भाकरी वाढली आणि तिच्या कडेला एक चिमूट चटणी ठेवली. ती लालभडक होती. तिच्यात निव्वळ लवंगी होती, वीस वर्षांची राहिलेली सगळी.

"खावा," ती म्हणाली.

आप्पांनी घास घेतला. आधी त्यांचे कान लाल झाले, मग नाक, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशीतून खाली उतरलं. कोणी हसलं नाही.

"कशी झालीया?" आईनं विचारलं.

आमच्या बापानं आजवर आईच्या कुठल्याही पदार्थाला "चांगला हाय" याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी तांब्यातलं पाणी संपवलं.

"लय तिखट हाय गं," ते म्हणाले. "सोसत न्हाई."

"आसं सांगायचं आसतंय," आई म्हणाली आणि त्यांच्या भाकरीवर तूप घातलं.

आप्पांनी नाक पुसलं, फळीकडं बघितलं आणि हळूच हात लांब करून फिक्कीची वाटी ओढली. भाकरीच्या तुकड्यावर थोडी घेतली. खाल्ली. पुन्हा थोडी घेतली. "रंगू, ही भाकरीसंगं बी झ्याक लागती की," ते म्हणाले.

आईनं वाटी त्यांच्या हातातून काढून परत फळीवर ठेवली.

"ती डुकराची हाय," ती म्हणाली. "तुमी तुमची खावा."